ग्रीसमधली नळी

माझ्या दुकानात बंदूक घेऊन येणारा प्रत्येक म्हातारा एकच गोष्ट सांगतो. डोळे ठणठणीत आहेत, हात ठणठणीत आहेत, बंदूकच बिघडली आहे. मी बंदूक घेते, नळी उजेडाकडे धरून आत बघते आणि दहांतल्या नऊ जणांना सांगते, बंदुकीला काही झालेलं नाही, चष्मेवाल्याकडे जा. त्यामुळे गावात मला कोणी गोड स्वभावाची म्हणत नाही. व्रेनीच्या तोंडी लागू नका, असंच म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

एमिल बिगलर मात्र तसं काही म्हणाले नाहीत. एप्रिलमधल्या एका सकाळी ते वरच्या वाडीतून खाली आले, कारबाइन माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. वय चौऱ्याऐंशी. ती बंदूक सैन्याने त्यांना विसाव्या वर्षी दिली, आणि नोकरी संपल्यावर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्याच घरी राहिली. तिच्यावर दर वसंतात त्यांनी गावोगावच्या नेमबाजीचा मेळा केला होता. एकही वर्ष चुकवलं नव्हतं आणि एकदाही बिल्ल्याशिवाय घरी गेले नव्हते. गेल्या वर्षी पहिल्यांदा गेले. यंदाच्या सरावात तर त्यांच्या गोळ्या सांडलेल्या वाटाण्यांसारख्या कागदभर पसरत होत्या.

"व्रेनी, खरं सांग," ते म्हणाले. "मी संपलो असेन तर संपलो म्हण. बंदूक इथेच ठेवून जातो. कुणाला तरी विकून टाक."

"बसा आधी, काका. मरणाची घाई कशाला?"

मी एक काडतूस घेतलं आणि गोळीचं टोक नळीच्या तोंडात घातलं. चांगल्या नळीत गोळी अर्धी आत जाते आणि अडते. ही थेट पितळेपर्यंत बुडाली. मी काडतूस हलवून बघितलं, तर ते खुळखुळत होतं. मग मागच्या बाजूने माप घातलं. मागे नळी घट्ट होती, गोळीला फिरकी देणारे आतले पीळ धारदार होते. गोळ्यांनी झिजलेली नळी मागून झिजते, कारण आग तिथे असते. ही पुढून खाल्लेली होती. भिंग लावून बघितलं तर तोंडाचा गोल अंड्यासारखा झाला होता, एका बाजूला जास्त झिजलेला.

"डोळे चांगले आहेत तुमचे," मी म्हणाले.

ते खुर्चीत टेकले. इतका वेळ उभेच होते.

"पण हात तोडायला हवेत. ही गोळ्यांनी गेलेली नाही, पुसायच्या गजाने गेली आहे. पुढून गज घालून, पितळी टोपी न लावता, काठावर घासत घासत कोणीतरी रोजच्या रोज पुसतं आहे. कोण आहे हा शहाणा?"

काका बुटांकडे बघत राहिले. "मीच," ते म्हणाले.

मग मी तोंडाचा पट्टा सोडला. टोपी कशाला दिलेली असते? पुढून गज घालायचा तर तो मधोमध राहावा म्हणूनच ना? चौसष्ट वर्षं बंदूक सांभाळता आणि एवढं कळत नाही? माझ्या वडिलांनी ही नळी बघितली असती तर तुम्हाला दुकानाबाहेर काढलं असतं. मी बरंच काही बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही वर बघितलं नाही. इतकं मुकाट्याने ऐकणारा माणूस खोटं बोलत असतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण रागात माझी अक्कल नेहमी एक पाऊल मागे असते.

नळी बदलायची, एवढं नक्की झालं. टोक कापून तोंड नवं करता आलं असतं, पण कापलेली बंदूक आमचं नेमबाजी मंडळ जुन्या बंदुकांत धरत नाही. तळ्यापलीकडे एकजण नव्या पोलादाच्या चकचकीत नळ्या करून देतो. त्या मारतात झकास, पण मंडळ त्याही धरत नाही. उरल्या दोन. एक होती मेलेल्या अर्न्स्टच्या बंदुकीतून काढलेली, वापरलेली, ठीकठाक. आणि एक होती मागच्या खोलीत, मेणकागदात गुंडाळलेली, ग्रीसमध्ये बुडवलेली, सरकारी कारखान्यातून निघाल्यापासून एकही गोळी न पाहिलेली. वडिलांनी अशा सहा आणून ठेवल्या होत्या. ही शेवटची. झ्यूरिखचे संग्राहक तिच्यासाठी मला फोन करतात आणि मी त्यांना फोनवरच वाटेला लावते. चौदा वर्षं मी ती योग्य माणसासाठी राखून ठेवली होती, आणि आता योग्य माणूस समोर बसला आहे असं मला वाटलं. मघाशी इतकं बोलले होते म्हणूनही वाटलं असेल.

मी ती बाहेर आणली, कागद सोडला. काकांनी तिच्याकडे बघितलं तसं माणूस दुसऱ्याच्या बाळाकडे बघतो, हात न लावता.

"गजाला कुठली जास्त टिकेल?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे घासल्यावर. कुठलं पोलाद जास्त कडक?"

आजवर नळी घेताना मला सगळ्यांनी विचारलं आहे की ती किती बारीक मारते. गजाला किती टिकेल, हे कोणी विचारलं नव्हतं. "काका, काठावर रोज लोखंड घासलं तर कुठलीच टिकत नाही. हात सुधारा म्हणजे ही तुमच्या नातवंडांना पुरेल."

त्यांनी जरा विचार केला. "मग अर्न्स्टची दे. इतकी चांगली नको."

मला झोंबलं. मी शेवटची नळी काढून समोर ठेवते आणि हा माणूस म्हणतो इतकी चांगली नको! वर आणखी एक. मी म्हणाले, बंदूक दोन दिवस ठेवून जा, तर म्हणाले, नाही. पाचच्या आत ती घरी हवी. दिवसभर तुझ्याकडे राहू दे, पण पाचला घरी.

"पाचला काय तिला दूध पाजायचं असतं का?"

"शनिवारी सकाळी आणतो," ते म्हणाले, बंदूक खांद्याला लावली आणि बसच्या थांब्याकडे निघाले.

राग पोटात ठेवून जगणं मला जमत नाही. गुरुवारी पाचच्या सुमारास मी ती नळी कागदासकट गाडीत घातली आणि वरच्या वाडीला गेले. म्हटलं, म्हाताऱ्याला त्याच्याच स्वयंपाकघरात बसवून नळीची आरशासारखी आतली बाजू दाखवते, मग बघू कसा नको म्हणतो.

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. टेबलावर निळं मेणकापड अंथरलेलं, त्यावर चिंध्या, तेलाची बाटली, ग्रीसचा डबा, सगळं ओळीत. बेथलीकाकू बाह्या सारून बसल्या होत्या. बंदुकीचा दस्ता त्यांनी मांडीत दाबून धरला होता, नळीचं तोंड वर, आणि दोन्ही हातांनी गज आत-बाहेर करत होत्या. गज काठाला लागत होता. तो आवाज मी झोपेतही ओळखेन, आणि तो ऐकून माझ्या दाढा शिवशिवल्या. पितळी टोपी खिडकीच्या फळीवर पडली होती.

एमिलकाका चुलीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. बोलू नकोस.

"कोण आलंय?" काकूंनी विचारलं. मला लहानपणी याच टेबलावर त्यांनी सफरचंदाचा केक खाऊ घातला आहे. "अगं, तू दुकानवाल्या रुडॉल्फची ना? बापाला सांग, आमच्या चिमणीचा धूर घरात येतो. येतो म्हणाला होता."

माझ्या वडिलांना जाऊन चौदा वर्षं झाली. "सांगते, काकू," मी म्हणाले.

"आज पहिला दिवस," काकू गज ओढत म्हणाल्या. "उद्या दुसरा, परवा तिसरा. मग ग्रीस. हे पुरुष पहिल्याच दिवशी ग्रीस थापतात आणि मग आत गंज धरला की बोंबलतात. माझ्या बापाने मला शिकवलंय. नळीला घाम येतो."

तीन दिवसांचं ते खरं आहे. जुन्या काडतुसांतल्या दारूमुळे गोळ्या मारून झाल्यावरही नळी आतून पाझरायची, म्हणून तीन दिवस लागोपाठ पुसायची, तिसऱ्या दिवशी ग्रीस लावायचं, अशी आमच्या म्हाताऱ्यांना सैन्यात सवय लावलेली. आताच्या दारूला त्याची गरज नाही, पण सवय कोण सोडतो? बेथलीकाकूंचे वडील सैन्यात हत्यारं दुरुस्त करायचे. या घरात बंदूक पुसायचं काम लग्नाच्या दिवसापासून त्यांचं.

"आज किती, एमिल?" काकूंनी विचारलं.

"एकसष्ट," काका म्हणाले. त्या दिवशी गुरुवार होता. काका नेमबाजीच्या मैदानावर गेलेच नव्हते.

"बहात्तरातले एकसष्ट! माझा बाप सत्तर मारायचा."

"तुझ्या बापाला बघून वारासुद्धा नीट वागायचा."

"तुला वारा, ऊन, चष्मा, सगळंच आडवं येतं. एक मी तेवढी सरळ मिळाले." आणि त्या हसल्या. अगदी पूर्वीसारख्या, खांदे हलवत.

मी टोपी उचलून त्यांच्यापुढे धरली. "काकू, ही लावा ना. काठाला बरं."

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, बघितली आणि परत फळीवर ठेवून दिली. "ती रंगरुटांना असते, पोरी. ज्याच्या हाताला कळतं त्याला टोपी लागत नाही."

नंतर काका मला गाडीपर्यंत सोडायला आले. अंगणात लाकडांच्या राशीपाशी थांबले आणि राशीकडेच बघत बोलले.

"चार वर्षं झाली. दूध चुलीवर ठेवते आणि विसरते. विणायला बसते आणि उसवते. थोरल्याचा फोन आला तर मला विचारते, हा कोण गृहस्थ? दिवसभर घरातून फिरत असते, काहीतरी शोधत, काय ते तिलाच माहीत नसतं. पण पाचला मी बंदूक टेबलावर ठेवतो, आणि व्रेनी, तिच्या हातांना सगळं आठवतं. चिंधी कुठली, तेल किती. तासभर ती मला शिव्या घालते. तो एक तास माझी बायको घरी असते."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी परत पहिला दिवस. चार वर्षांत आमच्याकडे तिसरा दिवस उजाडलाच नाही."

मी म्हणाले, मग तिला दुसरी एखादी भंगार बंदूक द्या, घासत बसू दे. ते म्हणाले, दिली होती. मंडळातून मागून आणली होती. तिने दस्त्यावरून हात फिरवला, म्हणाली ही एमिलची नाही, आणि मग तिला वाटलं एमिल गेला. समोर मी उभा होतो तरी रात्रीपर्यंत रडत होती.

"म्हणून अर्न्स्टची मागितली," मी म्हणाले.

"चांगली वस्तू कशाला नासवायची? तिने खाल्ली तर खाल्ली, साधीच होती, असं होईल. मला काय, या वर्षी एकदा मेळा होऊ दे, पुढचं पुढे. पण एक सांगतो. तिला कळता कामा नये की नळी तिच्यामुळे गेली. ती एकच गोष्ट तिला येते. तीही आपण बिघडवली असं तिला कळलं, तर..." त्यांनी एक ओंडका उचलून राशीवर नीट ठेवला, जरी तो आधीच नीट होता.

खाली येताना मला स्वतःची भयंकर लाज वाटली. दुकानात मी या माणसाला काय काय बोलले होते, ते एकेक वाक्य आठवत होतं. आणि शेजारच्या सीटवर ती नळी होती, इतकी वर्षं ग्रीसमध्ये झोपलेली. तिचीही लाज वाटली. कुणासाठी राखत होते मी ती? झ्यूरिखच्या कुणाच्या तरी काचेच्या कपाटासाठी?

शनिवारी सात वाजता काका हजर. येताना बेथलीकाकूंची सोय शेजारणीकडे लावून आले होते. मी लाकडी दस्ता उतरवला, नळी शिशाच्या पट्ट्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये आवळली आणि बंदुकीच्या धडाला मोठा पाना लावला. चौसष्ट वर्षांचे आटे होते ते, हलतात कशाला? तेल सोडलं, थांबले, जरा शेक दिला, परत तेल. काका दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते.

"काका, तुम्ही घड्याळ बघितल्याने आटे सुटत नाहीत."

"चारला मैदान बंद होतं. पाचला..."

"पाचला घरी. माहीत आहे."

दहाच्या सुमाराला पाना हातातून निसटल्यासारखा झाला, टक् असा आवाज आला, आणि जुनी नळी सुटली. मी तिला फडक्यावर ठेवलं. मागच्या खोलीत जाऊन नवी आणली, तिचं ग्रीस तिथेच धुऊन पुसून, कागद मागेच टाकून. हातात घेतली तेव्हा ती दुसऱ्या कुठल्याही नळीसारखीच दिसत होती. काकांनी फार लक्ष दिलं नाही.

बसवायचं काम मात्र घाईने होत नाही. नळी आट्यात फिरवून बसवली, आवळली, मग तिच्या मागच्या घरात, जिथे काडतूस बसतं तिथे, छोटं माप घातलं. त्या मापावर बंदूक बंद व्हायला हवी, आणि मोठ्या मापावर बंद होता कामा नये, म्हणजे काडतूस ना सैल बसतं ना अडकतं. छोट्यावरच बंद होईना. नव्या नळीचं घर कारखान्यात मुद्दाम जरा उथळ ठेवलेलं असतं. हाताने रीमर, म्हणजे भोक कोरायचं हत्यार, फिरवून कागदाच्या जाडीइतकं खोल केलं, पुसलं, माप घातलं. अजून नाही. परत तेवढंच. तिसऱ्या वेळी खटका, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, गप्प जाऊन बसला. मोठं माप घातलं, तर अडला. मी हुश्श केलं. मग जुन्या नळीवरची माशी, म्हणजे टोकाला नेम धरायचा तो उंचवटा, काढून नव्या नळीवर चढवली आणि ती अगदी उभी आहे ना हे ओळंबा धरून बघितलं.

शेवटी नंबर ठोकायचा होता. नळीवर तोच नंबर हवा जो धडावर आहे.

"सांगा," मी ठसे हातात घेऊन म्हणाले. काकांनी सहाही आकडे न बघता सांगितले. चौथा आकडा ठोकताना ते पुढे वाकले.

"व्रेनी. अर्न्स्टच्या नळीवर अर्न्स्टचा नंबर असायला हवा."

"हवा ना."

"इथे तर कोरं आहे."

"चौथा आकडा झाला. पाचवा सात ना?"

"ही ती नाही."

"नाही."

त्यांनी कोऱ्या पोलादावरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाले, "अगं, ती खाईल ही. दोन वर्षांत खाईल."

"मग दोन वर्षं खाऊ दे," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच खेकसल्यासारखा निघाला, कारण दुसरा आवाज मला काढता येत नाही. "नळ्या माणसांनी वापरण्यासाठी असतात. सात का नऊ, ते बोला, नाहीतर चुकीचा ठोकेन."

"सात," काका म्हणाले, आणि खिडकीकडे वळून जोरात नाक शिंकरलं.

मैदानावर आम्ही अडीचला पोचलो. मंडळाच्या अध्यक्षांनी लांबूनच हाक मारली, "एमिल, आज तरी कागदाला लागू दे, गाईंना नको!" काका चटईवर पालथे पडले, चष्मा नाकावर सारखा केला, पहिल्या दोन गोळ्या अंदाजाला मारल्या. मी माशी केसभर डावीकडे सारून दिली. मग अठरा. मी मागे उभी राहून पडद्यावर बघत होते. काळ्यात, काळ्यात, काठावर, काळ्यात. शेवटच्या गोळीनंतर अध्यक्ष चालत जवळ आले आणि पडद्याकडे बघत राहिले. चौसष्ट.

"काय खाऊ घातलं रे बेथलीने?" ते म्हणाले.

"शिव्या," काका म्हणाले. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. डोळे चांगले आहेत तुमचे, असं मी त्यांना म्हणाले होते. ते त्यांना आता पटलं असावं.

परतताना वाटेत कुणाच्यातरी गाई कुरणावरून घरी चालल्या होत्या. पंचवीस गाई आणि अरुंद रस्ता. गाईंना हॉर्न कळत नाही. काका पुढच्या सीटवर बंदूक गुडघ्यांत धरून बसले होते आणि डॅशबोर्डवरच्या घड्याळावरून नजर काढत नव्हते. पाच वाजले, पाच वाजून दहा, पाच वाजून वीस. मी त्या गाईंना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

शेजारीण अंगणातच उभी होती. म्हणाली, साडेचारलाच घरी जायचं म्हणून हट्ट धरला, आणि पाचपासून तशाच बसल्या आहेत. आत गेलो तर मेणकापड अंथरलेलं, चिंध्या ओळीत, गज हातात, आणि बेथलीकाकू दाराकडे डोळे लावून. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. बाजारात हात सुटलेल्या मुलाचा असतो तसा होता. काकांनी बंदूक त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा, आणि त्यांचा श्वास खाली बसला.

"ही कुठे होती?"

"माझ्याबरोबर होती गं. गाई आडव्या आल्या."

"तुझ्या पोरी संपल्या, आता गाई," काकू म्हणाल्या. "आज किती?"

"चौसष्ट," काका म्हणाले. आकडा तोंडातून काढताना ते अडखळले. या वेळी खरा होता म्हणून असेल.

"माझा बाप सत्तर मारायचा."

त्यांनी काम सुरू केलं. काकांनी कॉफी केली, मला वेणीच्या पावाचा तुकडा कापून दिला, वर चीज. खाण्यात माझं लक्ष नव्हतं. पहिली चिंधी काळी आली, दुसरी करडी, सहावी पांढरी. गज दर खेपेला काठाला लागत होता, आणि दर खेपेला माझ्या काळजात चर्र होत होतं. मग काकूंनी खटका काढून बाजूला ठेवला, बंदूक उचलली, आणि नळी खिडकीकडे धरून एक डोळा मिटला.

काकांचा हात कपावर तसाच राहिला. मीही चावायची थांबले. ज्या बाईने अंगठ्याने दस्ता ओळखला, ती साठ वर्षं पुसलेल्या नळीत काय बघेल? काकू बघत राहिल्या. नळी जराशी फिरवली, पुन्हा बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"एमिल."

"काय गं?"

"इकडे ये."

काका गेले. 

"आत बघ."

त्यांनी वाकून बघितलं. "बघितलं."

"दिसतंय का काही?"

"काय दिसायचंय, बेथली?"

"आंधळा आहेस. लग्नापासून मला म्हणतोस, पुरे कर, किती घासशील, भोक पडेल. आता बघ! अशी यायला साठ वर्षं लागली. आरसा झालाय आरसा! माझ्या बापालासुद्धा अशी जमली नव्हती." आठी कधीच गेली होती. त्यांच्या गालांवर रंग चढला होता, आणि त्या मला इतक्या सुंदर दिसल्या की मी नजर खाली वळवली.

 काकांनी नुसता हात काकूंच्या केसांवर ठेवला.

"आणि तू गं, रुडॉल्फची," काकूंनी मला हाक मारली. "तू बघ. तुला कळतं त्यातलं. खरं सांग हं, उगाच म्हातारीचं मन राखू नकोस. तुमच्या दुकानात आहे का अशी एकतरी?"

मी उठून त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनी नळी माझ्यासाठी उजेडाला धरली. आत उजेडाची वलयं एकात एक लागून लांबवर गेली होती, आणि पीळ टोकापर्यंत धारदार होते.

"नाही, काकू," मी म्हणाले. "आमच्याकडे अशी एकही नाही."

"मग!" त्या म्हणाल्या, आणि बंदूक परत मांडीत घेतली. "तरी एक हात अजून मारते. आज पहिलाच दिवस आहे. उद्या दुसरा."

"आणि परवा ग्रीस," काका म्हणाले. खुर्ची ओढून ते त्यांच्या अगदी शेजारी बसले. गज काठाला घासत आत गेला, आणि दुसरी चिंधी तेलात बुडवून मी काकूंच्या हातात दिली.